धोत्रा, मण्यार आणि विस्मरण : मेंदूतील ग्राहींच्या शोधाची कहाणी

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील लांबच्या वाटांवर प्रवास करणाऱ्याला एक धास्ती अनोळखी सोबत्याने पुढे केलेल्या शिदोरीची असे. पिठात किंवा मिठाईत धोत्र्याच्या बियांची पूड मिसळून वाटसरूंना लुटण्याची रीत इतकी रुळलेली होती की, न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत धोत्र्याला ‘वाटमारीचे विष’ असे स्थान मिळाले. बंगालच्या वैद्यकीय सेवेतील नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथात या विषप्रयोगांची दखल सविस्तर घेतली आहे. लक्षणे ठरलेली. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, माणूस बरळू लागतो आणि बोटांच्या टोकांतून अदृश्य दोरे ओढावेत तसे हातवारे करतो. जीव वाचला, तरी मधल्या काळाची आठवण पुसट होते किंवा पुरती जाते. लुटारूंच्या सोयीचा भाग तोच होता; लुटला गेलेला माणूस चांगला साक्षीदार ठरत नसे.

अल्झायमरच्या आजारात मेंदूच्या पेशींवरील ग्राहींमध्ये काय बदल होतात, हा आजच्या चेताविज्ञानातील एक गुंतागुंतीचा प्रश्न आहे. तो हाताळताना या धोत्र्यापासून आरंभ करण्याला कारण आहे. धोत्र्यातील ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये स्मृतीवर घाला घालतात, ती मेंदूतील एका विशिष्ट जातीच्या ग्राहींना अडवून. हे समजायला मात्र शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१८६४ मध्ये प्राग येथे काही कैद्यांनी मद्य समजून ॲट्रोपीनचे द्रावण प्राशन केले. लुडविग क्लाइनवेख्टर या तरुण डॉक्टरला आठवले की, पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार नावाच्या शेंगेचा अर्क बाहुली आकुंचित करतो, म्हणजे ॲट्रोपीनच्या नेमके उलटे काम करतो. त्याने तो अर्क पाजला आणि विषाचा अंमल उतरू लागला. एका विषाला दुसरे विष उतारा ठरते, एवढेच तेव्हा दिसले. दोन्ही विषे शरीरात कोठे भेटतात, हे विचारण्याची भाषासुद्धा तोवर तयार नव्हती.

ती भाषा केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १९०५ मध्ये दिली. कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन टाकले की तो आकसतो आणि क्युरारे हे बाणांना लावायचे विष टाकले की तो सैलावतो, हे त्यांनी पाहिले. स्नायूकडे जाणारी नस कापून ती झडून गेल्यावरही निकोटीनचा परिणाम होतच होता. त्यावरून त्यांनी अनुमान केले की, ही द्रव्ये नसेवर नव्हे, तर स्नायूच्या पेशीतच असलेल्या कशावर तरी बसतात. त्याला त्यांनी ‘ग्रहणशील द्रव्य’ म्हटले. पाउल एर्लिख रोगप्रतिकाराच्या संदर्भात ‘रिसेप्टर’ हा शब्द आधीपासून वापरत होते. पुढे तोच रूढ झाला. मराठीत आपण त्याला ‘ग्राही’ म्हणतो. पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले एक प्रथिन, ज्याला बाहेरून येणारा विशिष्ट रेणू चिकटला की पेशीच्या आत काहीतरी घडते, ही आजची समजूत. लँगलींना यातले काही दिसत नव्हते. त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांना ती निव्वळ कल्पना वाटली.

१९१४ मध्ये हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीन या रेणूच्या परिणामांची दोन गटांत वाटणी केली. काही परिणाम मस्करीन या अळंब्यातील विषासारखे होते आणि ते ॲट्रोपीनने थांबत. इतर निकोटीनसारखे होते आणि त्यांवर ॲट्रोपीनची मात्रा चालत नसे. म्हणजे एकाच रेणूसाठी ग्राहींची दोन घराणी. १९२१ मध्ये ऑटो लोव्ही यांनी बेडकाच्या दोन हृदयांवरील प्रसिद्ध प्रयोगाने दाखवले की, नस आपला संदेश रसायनाच्या रूपाने पोचवते; ते रसायन ॲसिटिलकोलीनच निघाले. १९३६ मध्ये दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. कॅलाबार शेंगेचे कोडेही लोव्ही यांच्याच प्रयोगशाळेत १९२६ मध्ये सुटले. त्या शेंगेतील फायसोस्टिग्मीन ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखते. ॲसिटिलकोलीन साचते आणि ॲट्रोपीनने अडवलेल्या जागांसाठी झुंज देते. प्रागच्या कैद्यांच्या शरीरात घडले ते हेच.

लँगलींच्या निबंधानंतर पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९०६ रोजी, ट्युबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत आलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीची हकिगत सांगितली. ऑगस्ट डेटर वयाच्या ५१ व्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली होती. तिला स्वतःचे नाव लिहिणेही पुरते साधत नव्हते. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तिचा मेंदू म्युनिकला आणवून अल्झायमर यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवला, तेव्हा पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत गुंतलेले धाग्यांचे पुंजके दिसले. सभेत त्यावर चर्चा झाली नाही. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

ग्राहींची कल्पना आणि अल्झायमरचा आजार ही अशी जवळजवळ जुळी भावंडे. तरी त्यांची गाठ पडायला सत्तर वर्षे गेली. सूक्ष्मदर्शकाखाली जे रंगते तेच दिसते. पुटे आणि गुंते रंगत होते. ग्राही रंगत नव्हते. म्हणून आजाराचा अभ्यास म्हणजे पुटांचा अभ्यास, असे समीकरण तयार झाले. त्यातून विज्ञान अजूनही पुरते सुटलेले आहे असे मला वाटत नाही.

गाठ पडली ती पुन्हा धोत्र्याच्या कुळातील द्रव्यामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रसूतीच्या वेळी स्त्रियांना मॉर्फीनबरोबर स्कोपोलामीन देण्याची पद्धत सुरू झाली होती. ‘संधिप्रकाशाची झोप’ असे तिचे काव्यमय नाव होते. खरे तर त्या स्त्रिया पूर्ण झोपत नसत आणि वेदनाही पुरत्या थांबत नसत. वेदना झाल्याची आठवण तेवढी राहत नसे. डेव्हिड ड्रॅकमन आणि जॅनेट लेव्हिट यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी स्वयंसेवकांना स्कोपोलामीन टोचून त्यांच्या स्मृतीच्या चाचण्या घेतल्या. ऐकलेले अंक लगेच उलटून सांगणे त्यांना जमत होते. नवीन माहिती साठवणे जमत नव्हते. तरुणांच्या चुकांचा आराखडा औषध न घेतलेल्या वृद्धांच्या चुकांशी जुळत होता. काही तासांसाठी तारुण्यात आणलेले म्हातारपण, असे त्या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

पुढची दोन-तीन वर्षे ब्रिटनची होती. १९७६ मध्ये एडिंबरा येथील पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अल्झायमरने दगावलेल्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन घडवणारे विकर मोठ्या प्रमाणात घटल्याचे दाखवले. लंडनमध्ये डेव्हिड बोवेन आणि न्यूकॅसलमध्ये एलेन व रॉबर्ट पेरी यांचे गट स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. तीन प्रयोगशाळा, एकच उत्तर. विज्ञानात असा योग विरळा. १९८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी उगमही दाखवून दिला. मेंदूच्या तळाशी, व्हिएन्नाच्या थिओडोर मेनर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रातील पेशी मरत होत्या. या मोजक्या पेशींचे तंतू संपूर्ण बाह्यपटलात पसरलेले असतात. विहिरीचा झरा आटला की पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत आटते, तसे ते होते.

आता प्रश्न उरला तो वाफ्यांचा. पाणी घटले हे कळले, पण पाणी पिणारी मुळे, म्हणजे ग्राही, शाबूत आहेत की नाहीत? उपचारांची सारी भिस्त या प्रश्नावर होती. ग्राही शाबूत असतील, तर बाहेरून ॲसिटिलकोलीन वाढवून काम भागेल. तेच गळून गेले असतील, तर कितीही पाणी सोडा, उपयोग नाही.

ग्राही मोजण्याचे तंत्र त्याच सुमारास हाती आले होते आणि त्यातला एक धागा सापाच्या विषाकडे जातो. तैवानमधील चेन-युआन ली आणि चुआन-च्युंग चांग यांनी १९६३ मध्ये तेथील मण्यारीच्या विषातून एक प्रथिन वेगळे केले. आपल्या शेताबांधांवर आणि घरांत रात्री निघणाऱ्या मण्यारीच्याच कुळातील तो साप. हे प्रथिन स्नायूंवरील निकोटीन-घराण्याच्या ग्राहींना असे घट्ट चिकटते की सहसा सुटत नाही. दंश झालेल्याचे श्वासाचे स्नायू त्यामुळेच थांबतात. जे दंशात प्राणघातक, तेच प्रयोगशाळेत वरदान ठरले. १९७० मध्ये पॅरिसच्या झाँ-पिएर शांजो यांनी ली यांच्याबरोबर विद्युत-मासळीच्या अवयवातील ग्राही या विषाच्या साहाय्याने ओळखला. लँगलींची ‘कल्पना’ परीक्षानळीत उतरली. मस्करीन-घराण्यासाठी किरणोत्सारी खूण लावलेले ॲट्रोपीनसारखे रेणू वापरून १९७४ मध्ये हेन्री यामामुरा आणि सॉलोमन स्नायडर यांनी उंदराच्या मेंदूतील ग्राही मोजले. आता मृत माणसाच्या मेंदूचा गोठवलेला तुकडा घ्यायचा, वाटायचा, त्यावर खूण लावलेला रेणू सोडायचा आणि किती चिकटला ते मोजायचे, एवढेच बाकी होते.

पहिली मोजणी दिलासा देणारी होती. अल्झायमरच्या मेंदूत मस्करीन-घराण्याचे ग्राही एकूण संख्येने जवळपास निरोगी मेंदूइतकेच भरले. मुळे शाबूत आहेत, असा अर्थ काढला गेला आणि औषधांच्या शोधाला बळ आले. परंतु ‘एकूण’ हा शब्द शास्त्रात नेहमीच संशयाने पाहावा. या घराण्यात एकाहून अधिक भाऊ आहेत, हे लवकरच उमगले. १९८५ मध्ये डेबोरा मॅश, डॉना फ्लिन आणि लिंकन पॉटर यांनी दाखवले की, एम-२ नावाचे ग्राही बाह्यपटलात घटलेले आहेत. त्यांचा बराचसा भाग ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या तंतूंच्याच टोकांवर असतो आणि ते लगामाचे काम करतात. पुरेसा रसायनाचा साठा बाहेर पडला की ‘आता पुरे’ अशी सूचना देतात. तंतूच झडला तर त्याच्या टोकावरचा लगाम कोठून उरणार? समोरच्या पेशीवर बसलेले एम-१ ग्राही मात्र संख्येने टिकून होते.

मग १९९१ मध्ये त्याच गटाने अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. एम-१ ग्राही जागेवर होते, पण त्यांची पेशीच्या आतल्या यंत्रणेशी असलेली जोडणी सैल पडली होती. ग्राहीला रेणू चिकटतो, त्याची मोजणी बरोबर येते, आणि आत निरोप नीट पोचत नाही. दारावरची घंटा भिंतीवर आहे, बटणही दाबले जाते, आतली तार मात्र तुटलेली आहे. दारात उभे राहून घंटा मोजणाऱ्याला ही तार दिसत नाही. ॲसिटिलकोलीन वाढवण्याच्या उपचारांना मर्यादित यश का येते, याचे एक कारण त्यांनी यातच पाहिले होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत मोलाचा टप्पा आहे. ग्राहीतील बदल म्हणजे ग्राहींच्या संख्येतील बदल, ही समजूत येथे मोडली.

निकोटीन-घराण्याची कथा याहून सरळ आणि दुःखद. १९८६ मध्ये व्हाइटहाउस यांचा गट आणि स्वीडनमधील ॲग्नेटा नोर्डबर्ग व बेंग्ट विनब्लाड यांनी हे ग्राही ठळकपणे घटल्याचे नोंदवले. १९९० मध्ये नोर्डबर्ग यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेले निकोटीन देऊन जिवंत रुग्णांच्या मेंदूतील घट छायाचित्रणाने दाखवली. रुग्ण समोर बसलेला असताना त्याच्या मेंदूतील ग्राहींचा उणेपणा दिसणे, ही नवलाची बाब होती. येथे तंबाखूविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. धूम्रपान करणाऱ्यांना अल्झायमर कमी होतो, असे सुचवणारे काही अभ्यास त्या काळात आले आणि तंबाखू उद्योगाने त्यांत रस घेतला. लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या पुढील पाहण्यांनी चित्र उलटे केले. धूम्रपानाने धोका वाढतो.

औषधांचा इतिहास येथे थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये विल्यम समर्स यांनी १७ रुग्णांना टॅक्रीन देऊन मिळवलेले निष्कर्ष गाजले, त्यांवर वादही झाले. १९९३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली; यकृतावरील दुष्परिणामांनी ते मागे पडले. १९९६ मध्ये जपानच्या एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने घडवलेले डोनेपेझिल आले. त्यामागून रिव्हास्टिग्मीन आणि गॅलॅन्टामीन. रिव्हास्टिग्मीन हे कॅलाबार शेंगेतील त्याच द्रव्याच्या धर्तीवर बेतलेले आहे. प्रागच्या कैद्यांना दिलेल्या उताऱ्याचा वंशज आज आपल्याकडील औषधांच्या दुकानात मिळतो. ही औषधे लक्षणे काही काळ सावरतात, झरा पुन्हा जिवंत करत नाहीत.

या ठिकाणी घरात वृद्ध असलेल्या प्रत्येक वाचकाने थांबावे असे वाटते. लघवीवर ताबा राहावा म्हणून, सर्दी-खाज थांबावी म्हणून, झोप यावी म्हणून, किंवा नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक जुन्या औषधांत मस्करीन-घराण्याचे ग्राही अडवण्याचा गुण असतो. धोत्रा करतो तेच काम, सौम्य मात्रेत. डोनेपेझिल घेणाऱ्या रुग्णाला त्या औषधाचा दुष्परिणाम म्हणून लघवीचा त्रास होतो, त्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी लिहिली जाते, आणि एक गोळी जे देते ते दुसरी हिरावून घेते. वृद्धोपचाराच्या शास्त्रात या साखळीची नोंद आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरील ३,४३४ व्यक्तींचा सरासरी ७.३ वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी औषधे दीर्घकाळ आणि अधिक मात्रेत घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले. हा सहसंबंध आहे. औषधाने आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. मात्र सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र करून त्या एकदा एकाच डॉक्टरसमोर ठेवाव्यात. हृदयाचा डॉक्टर वेगळा, मूत्ररोगाचा वेगळा, मेंदूचा वेगळा, आणि आजोबांच्या उशाशी गोळ्यांचा डबा एकच, अशी आपल्या शहरांतील घरांची स्थिती आहे.

ग्राही टिकून असतील तर ॲसिटिलकोलीनला वगळून थेट त्यांनाच चेतवावे, हाही विचार झाला. झॅनोमेलिन हे औषध १९९० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर अजमावले गेले. स्मृतीत थोडा लाभ दिसला. त्याहून लक्षणीय म्हणजे भास, संशय आणि आक्रस्ताळेपणा ओसरला. पण उलट्या, घाम, पोटाचे विकार इतके की अनेकांनी ते सोडले. हे औषध गुंडाळून ठेवले गेले. पुढे कोणाला तरी साधी युक्ती सुचली. मेंदूत न शिरणारा, शरीरभर ग्राही अडवणारा ट्रॉस्पियम हा रेणू सोबत द्यायचा, म्हणजे पोट शांत राहते आणि मेंदूला औषध मिळते. ही जोडी सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पण स्किझोफ्रेनियासाठी. ज्या रुग्णांमुळे औषधाचा हा गुण कळला, त्यांच्या हाती ते त्या मान्यतेने आले नाही.

ॲसिटिलकोलीनपुरतीच ही कथा असती तर सोपी होती. मेंदूतील बहुतेक उत्तेजक संदेश ग्लुटामेट वाहतो आणि त्याचे ग्राही स्मृतीच्या जडणघडणीत मध्यवर्ती आहेत. १९८५ मध्ये टिमोथी ग्रीनमायर आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या बाह्यपटलात ग्लुटामेटचे बंधन घटल्याचे दाखवले. मेमॅन्टीन हे औषध ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहींना मोजक्या प्रमाणात अडवते. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड-बीटा हा प्रथिनाचा तुकडा वेगळा केला आणि पुढची दोन दशके संशोधनाचा ओघ तिकडे वळला. हे दोन प्रवाह एकत्र आले ते २००५-०६ च्या सुमारास, जेव्हा दिसून आले की अमायलॉइडच्या संपर्कात आलेली चेतापेशी ग्लुटामेटचे ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशी जिवंत, ग्राहीही जिवंत, पण दारावरची घंटा काढून माळ्यावर ठेवलेली. पेशी मरण्याच्या पुष्कळ आधी स्मृती का ढासळते, हे त्यातून उमगू लागले.

या टप्प्यावर भारतातील प्रयोगशाळा कथेत ठळकपणे येतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ, रेड्डी पीरा कोम्मड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की, अल्झायमरच्या प्रतिमान-उंदरांत चेतापेशीवरील सूक्ष्म काट्यांचा सांगाडा, म्हणजे ॲक्टिन प्रथिनाचे धागे, लवकरच विस्कटतो. ग्लुटामेटचे ग्राही याच काट्यांवर बसतात. खुंटीच हलली तर तिच्यावर टांगलेले काय राहणार?

रवींद्रनाथ यांच्याच गटाचे, हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून २०१२ मध्ये आलेले काम मला त्याहून विचारप्रवर्तक वाटते. त्यांनी अश्वगंधेच्या मुळाचा अर्धशुद्ध अर्क अल्झायमर-प्रतिमान उंदरांना ३० दिवस तोंडावाटे दिला. वर्तनातील बिघाड सुधारला, मेंदूतील अमायलॉइड कमी झाले. अर्क मेंदूत जाऊन काही करतो, असे कोणीही समजले असते. त्यांनी शोध घेतला तेव्हा कारण सापडले यकृतात. एलआरपी नावाचा एक ग्राही आहे. रक्तातील अमायलॉइड पकडून त्याची विल्हेवाट लावणाऱ्यांपैकी तो एक. अर्काने यकृतातील हा ग्राही वाढला. यकृत रक्तातून अमायलॉइड ओढू लागले आणि मेंदूतील साठा रक्ताकडे वाहू लागला. खरी कसोटी पुढे होती. संशोधकांनी फक्त यकृतातील हा ग्राही जनुकीय उपायाने दाबला, आणि अर्काचा लाभ नाहीसा झाला. मेंदूच्या आजारात मेंदूबाहेरच्या ग्राहीचे महत्त्व इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवले गेले असेल.

हे उंदरांत घडले आहे. माणसांत अश्वगंधेने अल्झायमर बरा होतो असा पुरावा नाही, आणि डबीबंद अश्वगंधेमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या शोधनिबंधाच्या नावावर चूर्ण विकणाऱ्यांनी निबंध वाचलेला नसतो, हे सांगायला नकोच.

एलआरपी ज्या ग्राहीकुलात मोडतो त्याचा संबंध अल्झायमरच्या सर्वांत परिचित जनुकाशी आहे. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातील ॲलन रोझेस यांच्या गटाने ॲपोलिपोप्रोटीन-ई या प्रथिनाचे चौथ्या प्रकारचे रूप धोका वाढवते असे दाखवले. हे प्रथिन याच कुलातील ग्राहींना चिकटते. दिल्लीजवळच्या बल्लभगढ येथील खेड्यांत भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त पाहणीने १९९८ मध्ये जाहीर केले की, ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे प्रमाण अवघे १.०७ टक्के आहे. जगात त्या वेळी नोंदलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी तो एक होता. जनुकाचे ते रूपही पेनसिल्व्हेनियातील तुलनागटापेक्षा तेथे कमी आढळले, पण ज्यांच्यात ते होते त्यांचा धोका सारखाच वाढलेला होता. हळदीमुळे, शाकाहारामुळे असे निष्कर्ष वृत्तपत्रांनी परस्पर काढले; संशोधकांनी स्वतः आयुर्मान आणि आजारानंतरचे अल्प जगणे यांकडेही बोट दाखवले होते. आता आकडा वेगळा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. दोन्ही पाहण्यांच्या व्याख्या, वयोगट आणि पद्धती निराळ्या आहेत; त्यामुळे पंचवीस वर्षांत आजार सातपट झाला असे म्हणता येणार नाही. शिवाय ७.४ टक्क्यांत सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश येतात.

२०१२ च्या अखेरीस ग्राहींच्या यादीत आणखी एक नाव आले, ट्रेम-२. हा चेतापेशींवर नसून मेंदूतील सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींवर असतो. त्याच्या जनुकातील एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे दोन गटांनी एकाच वेळी दाखवले. संदेश घेणाऱ्या पेशींपासून केर काढणाऱ्या पेशींपर्यंत ग्राहींचा प्रश्न पसरला.

आतापर्यंत मोजलेले मानवी ग्राही बहुतांशी एडिंबरा, न्यूकॅसल, बाल्टिमोर, स्टॉकहोम येथील मेंदूंचे आहेत. भारतीय मेंदूंत हे बदल याच क्रमाने होतात का, मधुमेह आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आजार सोबत असताना चित्र बदलते का, हे सांगण्यासाठी भारतीय मेंदू लागतात. बंगळूरच्या निम्हान्समध्ये एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये मेंदू-ऊतींची पेढी सुरू झाली. योगायोग असा की, फ्रँकफर्टच्या दप्तरात हरवलेले ऑगस्ट डेटरचे केसपत्र त्याच वर्षी, डिसेंबरात, सापडले. नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू या पेढीत उणे ८० अंशांच्या आसपास गोठवून ठेवले जातात. ग्राही मृत्यूनंतर फार काळ टिकत नाहीत. मृत्यू आणि गोठवण यांत जितके तास जातील तितकी मोजणी संशयास्पद होते. अंत्यसंस्कार लवकर उरकण्याची आपली रीत आणि घरीच शेवटचा श्वास घेणारे वृद्ध, यांमुळे ती वेळ साधणे अवघड जाते.

कर्नाटकातील कोलार जिल्ह्याच्या श्रीनिवासपूर तालुक्यात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा दीर्घकालीन मागोवा सुरू केला आहे. दहा हजारांपर्यंत लोक त्यात घ्यायचे आहेत. रक्त, जनुके, मेंदूची छायाचित्रे, स्मृतीच्या चाचण्या हे सारे त्यांच्या हयातीत नोंदले जात आहे. ग्राहींची मोजणी त्यात नाही; ती जिवंतपणी करायची तर नोर्डबर्ग यांनी वापरली तशी खूण लावलेली द्रव्ये आणि ती काही मिनिटांत घडवून वापरणारी यंत्रणा लागते. कार्बनची ती खूण दर वीस मिनिटांनी निम्मी होते. कोलारच्या खेड्यापासून तशा यंत्रापर्यंतचा रस्ता त्याहून लांब आहे.